नमस्कार, पाव्हणे

भाच्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरसमोर कोणीही बसलं तरी त्याचं नाव एकच असायचं. नर्सिंगचा फॉर्म भरायला आलेली मुलगी बसली तरी तेच, पालमहून सातबारा काढायला आलेले म्हातारबुवा बसले तरी तेच, आणि फुकटचा पेपर वाचून झाल्यावर मी बसलो तरी तेच. ब्राउझर उघडला की खरेदीचं एक संकेतस्थळ आपोआप समोर यायचं आणि वर उजव्या कोपऱ्यात अदबीनं ‘नमस्कार’ म्हणून एका गृहस्थांचं नाव घ्यायचं, आडनावासकट. खाली बारीक अक्षरात गाव : मानवत. शेजारी टोपलीचं चित्र आणि त्यावर लाल टिकलीत आकडा : १. म्हणजे टोपलीत एक वस्तू पडून आहे.

ती वस्तू काय, हे एका आगाऊ पोरानं पहिल्याच दिवशी टोपली उघडून पाहिलं. घोरणं बंद करायचा पट्टा निघाला. दाढ दुखल्यावर फडकं बांधतात तसा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर आवळायचा.

गृहस्थांचं नाव मी इथं लिहीत नाही. बिचाऱ्यांचं नाव नऊ तालुक्यांतल्या लोकांनी आधीच वाचलंय, वर पट्ट्याचीही माहिती झालीय. आपण त्यांना पाव्हणे म्हणू.

दुकान परभणीत, जिंतूर रोडला. दहा बाय बाराचं. पाटीवर ‘मल्टीसर्व्हिसेस’ आणि त्याखाली झेरॉक्सपासून रेल्वे रिझर्व्हेशनपर्यंत जे जे माणसाला लागतं त्याची यादी. तिच्यात ‘बायोडाटा बनवून मिळेल’ असंही आहे. लग्नाचा की नोकरीचा, ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ठरतं. दोन कॉम्प्युटर आहेत. एक भाच्याचा स्वतःचा, काउंटरवर. दुसरा गिऱ्हाइकांसाठी, भिंतीकडं तोंड करून. दोन्ही जुने, लॉकडाउनमध्ये बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासचे. एकेकाळी आमच्याकडं गल्लीआड एक क्लास असायचा. एम.एस.-सी.आय.टी. २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढं मुलीच्या बायोडाट्यात ‘स्वयंपाकाची आवड’च्या वर ‘एम.एस.-सी.आय.टी. पास’ अशी ओळ आली. मार्च २०२० मध्ये या क्लासला कुलूप लागलं ते लागलंच. कॉम्प्युटर गोडाऊनमध्ये पडून होते. भाच्यानं गेल्या वर्षी दोन उचलले, स्वस्तात.

पाव्हण्यांचं सुरुवातीला सगळ्यांना हसू यायचं. मग एक नवं जोडपं आलं. नवरा पॅन कार्डाच्या रांगेत, बायको कॉम्प्युटरवर. त्यानं मागून वाकून पाहिलं, तर स्क्रीन बायकोला परपुरुषाच्या नावानं नमस्कार घालतेय. ‘हे कोण?’ असं त्यानं विचारलं. त्या आवाजावरून भाच्याला कळलं, की आता हे बिस्कुट पुसायला पाहिजे.

बिस्कुट म्हणजे कुकी. आमच्या दुकानात ‘कुकी’ म्हटलं की गिऱ्हाईक काचेच्या बरणीकडं बघतं, म्हणून सगळ्यांच्या तोंडी बिस्कुटच बसलं.

“मामा, कुकीज डिलिट करून करून थकलो. तरी यायलंय,” भाचा म्हणाला.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळं मला न येणाऱ्या गोष्टीसुद्धा दुसऱ्याला समजावून सांगायची सवय आहे. खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि म्हणालो, “किती वेळाच्या पुसल्यास?”

आणि काय नशीब, पहिला दगड बरोबर लागला. ‘ब्राउझिंग डेटा हटवा’ म्हटलं की एक खिडकी उघडते आणि वर वेळ विचारते. तिथं आधीपासून लिहिलेलं होतं : मागचा एक तास. भाचा इतके दिवस दर वेळी एका तासाचाच कचरा काढत होता. ही मोठी मार्मिक सोय आहे. माणसाला लाज वाटण्यासारखं जे काही असतं ते मागच्या तासाभरातच घडलेलं असतं, असा ती बनवणाऱ्यांचा अंदाज असावा. आम्ही ‘आतापर्यंतचा सगळा’ निवडलं, बटण दाबलं, ब्राउझर बंद करून उघडला. नमस्कार नाही, नाव नाही, टोपली रिकामी. भाच्यानं चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. ‘नमस्कार’, आणि पाव्हणे हजर. टोपलीत एक वस्तू.

आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता. मी घरी जाऊन रात्रभर वाचलं. कुकीचा जनक लू मोंटुली. वय २३, नेटस्केप कंपनीत नोकरीला, साल १९९४. तेव्हाच्या वेबला स्मरणशक्तीच नव्हती. एक पान मागितलं, सर्व्हरनं दिलं आणि तुम्हाला विसरला. दुसरं पान मागायला गेलात की पुन्हा ‘कोण आपण?’ अशा दुकानात खरेदी कशी करणार? एक साडी बाजूला काढून ठेवली आणि दुसरी बघायला वळलात, तर दुकानदार विचारणार, ताई, काय दाखवू? गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी म्हणून मोंटुलीनं युक्ती काढली : आपण लक्षात ठेवायचं नाही, गिऱ्हाइकाच्याच खिशात एक चिठ्ठी ठेवून द्यायची. चिठ्ठी इवलीशी, साधारण चार हजार अक्षरांच्या आत. प्रोग्रामर मंडळींत ‘मॅजिक कुकी’ असा शब्द आधीपासून होता, तो त्यानं उचलला. म्हणजे बघा, ही सगळी भानगड जन्मालाच आली ती टोपलीतली वस्तू हरवू नये म्हणून. पाव्हण्यांचा पट्टा हे त्या शोधाचं अगदी शंभर टक्के यश होतं.

भाच्याला मी ते औंढ्याच्या उदाहरणानं सांगितलं. औंढा नागनाथाला आपण बाहेर चपला ठेवतो. तो पोरगा आपल्याला पत्र्याचा बिल्ला देतो, ४७ नंबर. बिल्ल्यावर आपलं नाव नसतं, गाव नसतं. पण बिल्ला दाखवला की त्याला कळतं, या माणसाची कोल्हापुरी आहे आणि डाव्या पायाचा अंगठा तुटलेला आहे. कुकी म्हणजे तो बिल्ला. काही दुकानं बिल्ल्यावरच नाव आणि टोपली लिहून टाकतात, काही नुसता नंबर देतात आणि बाकीचा हिशोब आत ठेवतात. आपण बिल्ला गटारात फेकला तर एवढंच होतं, की पोरगा आपल्याला ओळखत नाही. चपला त्याच्याकडंच असतात.

“म्हंजी पुसून बी फायदा न्हाई?” भाचा म्हणाला.

“ओळख पुसते. चपला नाही पुसत.”

“मग हितं तर ओळखच पुसना झाली की.”

गणिताच्या मास्तरला असा विद्यार्थी नको असतो.

जाहिरातींचं तर आणखी वेगळं. जाहिरातवाल्यांचा बिल्ला त्या संकेतस्थळाचा नसतो, तिसऱ्याचाच असतो, आणि तो तुमच्या मागं पेठ हिंडतो. इथं अख्ख्या जिल्ह्याला मिळून एकच बिल्ला. त्यावर सोनपेठच्या कोणीतरी फवारणीचा पंप शोधलेला, सेलूच्या पोरीनं मेंदीची डिझाइनं बघितलेली, कोणी पोलीस भरती, कोणी मुतखड्यावर उपाय, आणि मुळाशी घोरण्याचा पट्टा. तिकडं कुठल्या तरी सर्व्हरवर या सगळ्यांचा मिळून एक माणूस तयार झाला असणार. भरतीला धावणारा, हाताला मेंदी, पाठीवर पंप आणि झोपला की घोरणारा. हा माणूस आपल्याकडून नेमका कोणता माल घेईल, याचा विचार करकरून त्या सर्व्हरचं डोकं दुखत असेल.

तरी पुसायचं काम राहिलंच होतं. आम्ही हार मानली नाही. ब्राउझर बंद केला तरी खरा बंद होत नाही, तो पाठीमागं जागा राहतो, असं वाचलं. टास्क मॅनेजर उघडून त्याची बाराच्या बारा पिल्लं मारली. ‘जिथं सोडलं तिथून सुरू करा’ ही सेटिंग चालू असली तर एरवी बंद करताच मरणाऱ्या कुकीजसुद्धा जिवंत राहतात; ती बंद केली. ब्राउझरला कोणी खात्यानं लॉगिन केलं असेल तर एकीकडं पुसलेलं दुसरीकडून परत येतं. तसं काही नव्हतं. शेवटी सी ड्राइव्हमध्ये खोल उतरून ‘कुकीज’ नावाची फाइलच शोधली. सगळी बिस्कुटं त्या एका डब्यात असतात. डबा उचलून कचऱ्यात टाकला, कचरा रिकामा केला. दिवसभर नमस्कार नाही.

सकाळी नमस्कार.

डबा टाकायच्या आधी मी त्या बिस्कुटाची मुदत पाहून ठेवली होती. १९ जानेवारी २०३८. ही तारीख ज्यानं टाकली त्याचा पाव्हण्यांवर काही विशेष लोभ नव्हता. जुन्या पद्धतीनं कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासून एकेक सेकंद मोजत येतात आणि त्यांची पाटी त्या दिवशी भरते. तेव्हा आळशी दुकानदार ‘कायमचं’ म्हणायचं असलं की सरळ ती तारीख लिहायचे. क्रोमनं २०२२ मध्ये नियम केला की कुकीचं आयुष्य जास्तीत जास्त ४०० दिवस. आमच्या ब्राउझरला तो नियम ठाऊकच नव्हता. तो रोज सकाळी ‘मी जुना झालोय, अपडेट करा’ म्हणायचा, भाचा रोज करायचा, आणि दुसऱ्या सकाळी तो पुन्हा तेच म्हणायचा. आम्हाला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव.

माझा संशय तोवर मोठ्या माणसांवर गेला होता. तसं कारणही होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये जेफ जॉन्सन नावाच्या प्रोग्रामरनं दाखवून दिलं होतं, की ‘बंद करताना सगळं पुसा’ असं क्रोमला सांगितलं तर तो सगळ्या जगाची साठवण पुसतो, फक्त यूट्यूबची आणि गूगलची शिल्लक ठेवतो. कुकीज जायच्या, पण शेजारच्या फडताळातला बाकीचा ऐवज राहायचा. ब्राउझर गूगलचा, यूट्यूब गूगलचं. पंगतीत वाढणारा आपल्या मेव्हण्याच्या ताटाकडं दोनदा वळतो, तसं. गूगलनं सांगितलं की ती चूक होती, दुरुस्त करतो. पण आमच्या पाव्हण्यांचं संकेतस्थळ कोणाचंच मेव्हणं नव्हतं. एवढा मान त्यांना कोण देणार?

खरं सांगायचं तर या न पुसण्याचा मला राग यायच्या ऐवजी हळूहळू ओळख पटायला लागली होती. आमच्या भागात पुसलं काय जातं? हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. औंढा तिकडं गेलं. माझी वसमतची आत्या पाकिटावर ‘जि. परभणी’ लिहायची ते शेवटपर्यंत, आणि पत्र पोचायचं. निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये गेलं. भाच्याच्या दुकानात आजही माणूस येतो आणि निजामकाळातला कागद मागतो. शाळेत एका पोराला मी रागाच्या भरात ‘अर्धा वर्तुळ’ म्हटलं होतं, तो आज पन्नाशीचा आहे, नातू खेळवतो, आणि मोंढ्यात त्याला अर्धा वर्तुळ म्हणूनच हाक पडते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण कोणी काढली कोण जाणे, कितीही उड्डाणपूल बांधा, गावाच्या खिशातला तो बिल्ला काही निघत नाही. आम्ही चारशे दिवसांच्या मुदतीची माणसंच नाही.

असो. घोडं अडलं होतं ते अडलंच होतं, आणि सुटलं ते उन्हाळ्यात.

मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा ४३ च्या पुढं, जिंतूर रोडवर कुत्रं नाही. कूलर नुसता गरम वारा ढकलत होता. दुकानात एक आठ वर्षांचं पोर आपल्या आजीबरोबर आलेलं. आजी आधारचा पत्ता बदलत होती आणि पोर गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरकडं बघत बसलं होतं. मध्येच म्हणालं, “दादा, हे अस्वल कामून बसलंय हितं?”

आम्ही वाकून पाहिलं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, तांदळाएवढं चित्र. पांढरं अस्वल. बर्फात राहतं ते. वर्षभर ते तिथं बसून होतं आणि गणिताचे मास्तर, दुकानाचे मालक आणि जिल्ह्यातली सुशिक्षित बेरोजगार पिढी, यांपैकी एकालाही दिसलं नव्हतं.

मग सगळा उलगडा झाला. क्लासमध्ये पोरं कॉम्प्युटरची वाट लावतात. गेम टाकतात, वॉलपेपर बदलतात, फाइली उडवतात. म्हणून क्लासवाले एक सॉफ्टवेअर घालतात. ते कॉम्प्युटरला एका दिवशी गोठवतं. त्यानंतर दिवसभर काय हवा तो धिंगाणा घाला. बंद करून चालू केला की तो पुन्हा त्या गोठलेल्या दिवशी जागा होतो. ब्राउझर बिचारा प्रामाणिक होता. आम्ही सांगितलेलं प्रत्येक बिस्कुट त्यानं इमानेइतबारे पुसलं होतं. रात्री भाचा शटर ओढायचा, सकाळी बटण दाबायचा, आणि अस्वल जुना दिवस जसाच्या तसा वाढून ठेवायचं. क्लासच्या सरांनी भाच्याला कॉम्प्युटर देताना बजावलं होतं, ‘काही ठेवायचं ते डी ड्राइव्हवर ठेव.’ कारण गोठलेला होता तो सी. भाच्याला वाटलं, वास्तुशास्त्र असेल.

आणि गोठलेला तो दिवस कोणता? मार्च २०२०. क्लासला कुलूप लागायच्या आधीचा आठवडा. सरांनी नवी बॅच बसवण्यासाठी कॉम्प्युटर साफसूफ करून गोठवला, त्याच्या थोडं आधी कोणी मानवतचे गृहस्थ त्यावर ऑनलाइन खरेदीचा धडा गिरवून गेले होते. साफसफाईत तेवढं बिस्कुट राहिलं. सगळ्या जगानं जो मार्च विसरायची इतकी खटपट केली, तो आमच्या दुकानात दर सकाळी साडेनऊला पुन्हा उजाडत होता. ४३ अंशांत एक कॉम्प्युटर बर्फात उभा होता.

शिफ्ट दाबून अस्वलावर दोनदा क्लिक केलं की ते पासवर्ड मागतं. भाच्यानं सरांना फोन लावला. सर आता पुण्यात कुठल्याशा कंपनीत असतात. बराच वेळ विचार करून म्हणाले, “पासवर्ड... नाही बा आठवत. पाच वर्षं झाली की.”

ज्यानं विसरायचं तो विसरेना आणि ज्यानं लक्षात ठेवायचं तो विसरून बसला. उरला एकच इलाज, सगळा कॉम्प्युटर फॉरमॅट. तो पुढच्या रविवारी करायचा ठरला, आणि असे बरेच पुढचे रविवार गेले. आधी शाळेच्या दाखल्यांची गर्दी, मग पेरणी, मग अर्जांची मुदत, मग गणपती.

नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत असा दाखला या महिन्यात द्यावा लागतो. सकाळपासून काउंटरवर स्वेटर घातलेल्या हयातींची रांग. त्यात एक उंचेले, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ पिशवीतून कागद काढत म्हणाले, “मानवतहून आलोय. पैलं वर्ष हाय माझं पेन्शनचं.”

भाच्यानं आधार कार्ड हातात घेतलं. नाव वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी पेपर खाली ठेवला.

“काका, हिकडं अंगठा ठिवा,” भाचा कसाबसा म्हणाला.

त्यांनी अंगठा ठेवला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरनं विचार केला आणि सांगितलं : ठसा जुळत नाही. भाच्यानं यंत्राची काच पुसली. अंगठा. ठसा जुळत नाही. रेघा झिजल्या की असं होतं. शेतात राबलेल्या हातांच्या झिजतातच. तिसऱ्यांदा मी माझा रुमाल दिला.

“बसा काका घडीभर तिकडं. हात गरम होऊ द्या,” भाच्यानं भिंतीकडची खुर्ची दाखवली.

ते गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरसमोर बसले. कोणीतरी ब्राउझर उघडा ठेवून गेलं होतं. खिशातून चष्मा काढला, लावला, मान मागं घेऊन वाचायला लागले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. नमस्कार. मग स्वतःचं नाव. मग आडनाव.

त्यांनी टोपी नीट केली आणि स्क्रीनला दोन्ही हात जोडले.

“वळखलं की ह्यानं मला!” ते वळून भाच्याला म्हणाले. “तुमचं ते अंगठ्याचं राहू द्या. ह्यालाच इचारा ना, मी हाय का न्हाई ते.”

रांगेतले सगळे पेन्शनर त्यांच्याकडं बघायला लागले. भाच्याला काय बोलावं सुचेना; तो यंत्राची कोरडी काच पुन्हा पुन्हा पुसत राहिला. पाव्हण्यांचं बोट सावकाश स्क्रीनवर वर सरकलं, टोपलीपाशी, लाल टिकलीवर थांबलं. कोणी न सांगता त्यांनी माउस धरला, क्लासमध्ये शिकवला असेल तसा, दोन बोटं बटणांवर आणि मनगट टेबलावर. टोपली उघडली. पट्टा पाहिला. चेहरा उजळला.

“आरं, हे बी ठिवलंय व्हय अजून,” म्हणाले. “तवा तीनशे नव्वदला व्हता. आता कितीला हाय?”